दिवाळसणाचा एक तास

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, ऐन दुपारी, जावई भरल्या ताटावरून उठला. वड्यांना त्याने बोट लावलं नव्हतं. मटणाच्या वाटीवरचा लाल तवंग जसाच्या तसा होता. ओसरीवर जाऊन तो खांबाला टेकून बसला, गळ्यातला हिरवा दुपट्टा नीट केला आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामाजी, आधी शब्द. मंग घास."

नान्हेंच्या घराला जावयाचं रुसणं नवं नव्हतं. घरधनी बाबुलाल नान्हे स्वतः आपल्या सासरी रेडिओसाठी दीड दिवस उपाशी बसला होता, आणि रेडिओ मिळाल्यावर त्यातल्या सेलसाठी आणखी अर्धा दिवस. त्यामुळे या कलेतलं त्याला कळत होतं, आणि धनराज पक्का बसलाय हे त्याने एका नजरेत ओळखलं.

चूक बाबुलालचीच होती. चार वर्षांपूर्वी, लेक जयाच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, जावयाला मोटारसायकल द्यायचं ठरलं होतं. पण त्या पावसाळ्यात वीज पडून केबलच्या सगळ्या मशिनी जळाल्या आणि दिवाळसण राहिला. तेव्हा भरल्या पंगतीत, चार सोयऱ्यांच्या देखत बाबुलाल बोलून बसला, "जवाईबापू, दिवाळसण राह्यला म्हणून मनात आणू नका. जवा मागान तवा, जे मागान ते देईन." असा शब्द देताना माणसाने निदान एक वस्तू वगळून ठेवावी. बाबुलालने काहीच वगळलं नाही.

आज चार वर्षांनी धनराजने मागितला होता एक तास. लाइव्ह. संध्याकाळी सहा ते सात, सासऱ्याच्या च्यानलवर.

च्यानलचं नाव 'झाडी दर्शन'; झाडी म्हणजे हा सगळा जंगलपट्टा. आरमोरीतली सहाशे चाळीस घरं बाबुलालच्या वायरीवर लटकलेली होती. सकाळी भजनं, दुपारी पिच्चर, संध्याकाळी वाढदिवसाचे फोटो आणि हरवलेल्या म्हशी. बाबुलालचं तत्त्व एकच होतं आणि ते तो ज्याला त्याला ऐकवायचा: "वायर सगळ्याईची." एकाच बैलावर दोन भावांनी हक्क सांगितला, तेव्हा त्याने दोघांच्याही जाहिराती पाठोपाठ दाखवल्या, मधे बैलाचा फोटो टाकून. ग्रामपंचायतीला उभे राहणारे सगळे पक्ष त्याच्याकडे सारख्याच दराने बोलून जायचे.

पण धनराज पक्षाचा नव्हता. तो 'झाडी रक्षा दला'चा संस्थापक अध्यक्ष होता. दलात माणसं चौदा आणि त्यांतले बारा पदाधिकारी. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरच्यांनी आरमोरीचा बाजार सोडावा. गोदावरीच्या पलीकडचे, अलीकडचे, छत्तीसगडी, बंगाली, सगळ्यांनी. यावर हसता आलं असतं. पण गेल्याच महिन्यात शेजारच्या गावी धनराजने भाषण दिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात एका बांगडीवाल्या म्हाताऱ्याची गाडी उलटवली गेली. म्हाताऱ्याचा हात मोडला. धनराज म्हणाला, मी हात लावला नाही, मी फक्त बोललो. आणि ते खरंही होतं.

दुसरी गोष्ट नान्हेंच्या घरातच होती. थोरली, म्हणजे एकुलती एक सून मयुरी, गोदावरीकाठच्या सिरोंच्याची. तेलुगू बोलणारी. तिचा धाकटा भाऊ लच्छू आरमोरीच्या बाजारात मच्छी विकायचा.

* * *

मागच्या अंगणात बाबुलालची बायको कुंता हिने वड्यांची परात झाकली आणि नवऱ्याला धारेवर धरलं.

"देऊन टाका ना एक तास. तासभर बोलून थो का करन? पोटात अन्नाचा कण नाई पोराच्या."

"थो पोरगा नाई, अध्यक्ष आहे," बाबुलाल म्हणाला.

"अध्यक्षाले भूक लागत नाई का?"

बाबुलालचा मुलगा स्वप्निल, जो केबल चालवायचा आणि ज्याला स्वतःबद्दल आपण पत्रकार आहोत असं वाटायचं, तो पायरीवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता. "मी म्हणतो, द्यावं," तो म्हणाला. "नाई दिलं तं थो गावभर सांगन का माह्या सासऱ्यानं माह्यं तोंड दाबलं. तोंड दाबलेला माणूस जास्त बोलते. त्यापेक्षा त्याले समोर बसवा, खणखणीत प्रश्न विचारा. लोकाईले दिसन आतमधी का आहे ते."

"का आहे आतमधी?" जयाने विचारलं.

"काईच नाई!"

"मंग काईच नाई ते एक तास काऊन दाखवतोस?"

स्वप्निलचं पुसणं थांबलं. सगळे जयाकडे बघायला लागले. माहेरी आलेली लेक नवऱ्याची बाजू घेणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती पाट्यापाशी उकिडवी बसली होती आणि चटणी वाटता वाटता वरवंटा हातात तसाच राहिला होता.

"नका देऊ त्याईले," ती म्हणाली. "बाबा, पाया पडते तुमच्या, नका देऊ."

"अवं, तुह्याच नवऱ्याचा मान आहे," कुंता म्हणाली.

"माय, लग्न झालं तवा हा माणूस बाजारात जायच्या आधी मले तीनदा विचारे, वांगे आणू का भेदरं आणू. दारातून परत येऊन विचारे. मले हासू येये, पण बरं वाटे. मंग दोन सालाआधी गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्याईची गाडी बंद पडली अन् कोणीतरी त्याच्या हाती माईक देल्ला. टाइमपास कर म्हणे. हा काईबाई बोल्ला, बाहेरच्याईले शिव्या देल्ल्या, चाळीस लोकाईनं टाळ्या वाजवल्या." तिने वरवंटा खाली ठेवला. "त्या दिवसापासून माह्या घरी वांगे नाई येत अन् भेदरंबी नाई येत. माणसं येतेत. रोज टाळ्या पाह्यजेत त्याले. तुमी त्याले माईक नाई देऊन राह्यले, बाबा, दारू देऊन राह्यले. अन् हा स्वप्निल म्हणते, पाहू किती चढते."

बाबुलालला लेकीचं पटलं, अगदी आतून पटलं, आणि पटलं म्हणूनच त्याला राग आला. दिलेला शब्द ही मोठी अडचणीची वस्तू असते.

"मयुरी, तू सांग," शेवटी तो म्हणाला. सून नको म्हणेल, म्हणजे सुनेच्या माहेरचा मान राखला असं सांगून सुटता येईल, असा त्याचा साधा हिशेब होता.

मयुरी झिंगे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "द्या त्याईले तास, मामाजी. पण प्रश्न मी विचारीन."

बाबुलालने कपाळाला हात लावला. लेक नवऱ्याच्या विरोधात आणि सून त्याच्या बाजूने, असली मंडई त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मयुरीच्या मनात मात्र दोन वर्षांचं साठलेलं होतं. दर सणाला भाऊजी यायचे, 'तिकडच्यां'वर विनोद करायचे, आणि तेव्हा तिच्या हातात नेमकं वाढायचं भांडं असायचं. वाढणाऱ्या बाईला भांडता येत नाही. आज ती खुर्चीवर समोरासमोर बसणार होती. शिवाय तिच्याजवळ हुकमाचा पत्ता होता. धनराजचे वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला आले ते कुठून, हे सगळ्या घराला माहीत होतं आणि कोणी कधी उच्चारलं नव्हतं. ते ती साऱ्या आरमोरीसमोर उच्चारणार होती. मग बघू म्हणावं कोण बाहेरचा.

* * *

सहा वाजले. शब्द मिळाल्यामुळे जावई जेवला होता. अकरा वडे, दोनदा मटण आणि वरून झिंग्यांचा रस्सा. झिंगे लच्छूने पाठवलेले होते, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

समोरची खोली म्हणजेच स्टुडिओ. भिंतीवर फोटोवाल्याकडून आणलेला पडदा होता, काश्मीरचं तळं आणि त्यात दोन हंस. पडद्याला घडी पडल्यामुळे एका हंसाची मान मोडल्यासारखी दिसायची. पडद्यासमोर लग्नाच्या डेकोरेशनमधली लाल खुर्ची, तिच्यावर धनराज. बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मयुरी. कॅमेऱ्यामागे स्वप्निल. दारात बाबुलाल, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कुंता आणि जया. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत टीव्ही लावलेला होता आणि तिथे दलाचे पदाधिकारी जमले होते.

"नमस्कार," मयुरी म्हणाली. तिने प्रश्नांचा कागद गुडघ्यावर सरळ केला. "भाऊजी, तुमचं दल म्हणते बाहेरच्याईनं बाजार सोडावा. बाहेरचा म्हणजे कोण?"

"जो इथला नाई थो," धनराजने उत्तर दिलं.

"अन् इथला कोण?"

"जो बाहेरचा नाई थो."

टपरीतून टाळ्या आल्या. स्वप्निलने कॅमेऱ्यामागून अंगठा वर केला, पण कोणासाठी ते कोणालाच कळलं नाही. मयुरीने कागद घडी करून मांडीखाली ठेवला आणि पत्ता टाकला.

"तुमचे वडील माजरीच्या खाणीत कामाले आले, ते कुठून आले होते?"

कुंताने पदर तोंडात धरला. धनराजने मात्र मोठी समाधानी ढेकर दिली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बिलासपूरकडून!" तो गरजला. "म्हणून तं सांगतो! बाहेरचा माणूस कसा घुसते, हे माह्यापेक्षा जास्त कोणाले मालूम? माह्या बापानं घुसून दाखवलं! मी घरातलं सांगून राह्यलो, ऐकीव नाई!"

टपरी दणाणली. मयुरीचा चेहरा उतरला. दोन वर्षं जपलेला पत्ता गेला तो गेला, वर त्याचाच डाव झाला.

"मंग तुमीबी जा ना," ती चिडून म्हणाली. "तुमीबी बाहेरचेच झाले."

"जाईन! सगळ्यात शेवटी जाईन. आधी बाकीच्याईले काढतो, मंग दिवा मालवतो, अन् मंग कुलूप लावून मी जातो!"

हा त्याग लोकांना फार भावला. टपरीत कोणीतरी शिटी मारली. जया उंबऱ्यावर बसल्या बसल्या नवऱ्याचा चेहरा बघत होती. त्याचे डोळे चमकत होते आणि तो सुंदर दिसत होता, लग्नाच्या दिवशी दिसला होता त्यापेक्षाही. तिला त्याची भीती वाटली आणि लगेच स्वतःची लाज वाटली, की आपल्याला आपल्याच नवऱ्याची भीती वाटते.

डाव सावरायला म्हणून स्वप्निलने पडद्यावर फोन नंबर सोडला. 'थेट अध्यक्षांना विचारा.' यात त्याच्याकडून एक बारीकशी गोष्ट राहून गेली. गेली दहा वर्षं साऱ्या आरमोरीला तो नंबर एकाच कामासाठी पाठ होता.

फोन वाजला. धनराजने रिसीव्हर उचलला आणि माईकजवळ धरला.

"हॅलो, केबल का?"

"मी धनराजभाऊ बोलतो. संस्थापक अध्यक्ष."

"हो हो, पाहूनच राह्यलो. भाऊ, तुमच्या तोंडावर मुंग्या आहेत."

"काय?"

"मुंग्या, मुंग्या. तीन दिवस झाले. खालचे च्यानल साफ येतेत, वरच्याईवर मुंग्याच मुंग्या. माणूस कवा पाठवता?"

धनराजने सासऱ्याकडे पाहिलं. बाबुलालने सवयीने मान हलवून 'उद्या' अशी खूण केली. "उद्या," धनराज म्हणाला आणि फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

या वेळी सोनीबाई होत्या, दळणवाल्यांच्या आई. "बाप्पा, हा माणूस कवा संपते? देवाचा पिच्चर लावा म्हणा. दर मंगळवारी लावता, आज काऊन नाई?"

"बाई, मी झाडीच्या रक्षणाबद्दल बोलून राह्यलो."

"बोला बोला. बोलून झालं का लावा."

तिसरा फोन बाजारापलीकडच्या वस्तीतल्या झाडू नावाच्या माणसाचा. "भाऊ, तुमचं भाषण एक नंबर. म्हणून विचारतो. आमच्या इथी वायर माकडाईनं तोडली. अन् हे माकडं आपले नाईत, भाऊ. हे वैरागडकडून आले. आपले माकडं असे नाईत. हाकलता का?"

उंबऱ्यावर कुंता पदरात तोंड लपवून हलायला लागली. मयुरीने ओठ दाबून धरले, पण तिचेही खांदे हलत होते. फोन थांबेचनात. कोणाचा आवाज जात होता, कोणाच्या घरी चित्र दिसत नव्हतं नुसतं ऐकू येत होतं, एकाला विचारायचं होतं की पडद्यावरच्या हंसाच्या मानेला काय झालं. धनराज घामाने भिजला. एकेका तक्रारीला तो भाषण जोडू बघायचा आणि पलीकडून फोन ठेवला जायचा. शेवटी तो ओरडला, "सगळे उद्या बाजारात या! दहा वाजता! मी पाहतो!" आणि पेन मागून घेऊन मुकाट लिहायला लागला.

बाबुलालच्या छातीवरचा दगड उतरला. स्वप्निल खरं बोलला होता. माणसाला बोलू द्यावं, त्याचं तो आपोआप हसं करून घेतो. तो जयाजवळ झुकून पुटपुटला, "पाह्यलं? वायर सगळ्याईची."

"बंद करा आता, बाबा," जया म्हणाली. ती हसत नव्हती.

"अवं, मजा येऊन राह्यली. राहू दे अजून पाच मिनिटं."

पुढचा फोन आला. पुरुषाचा आवाज, ओळखीचा नव्हता. शांत होता.

"भाऊ, त्या मुंग्या-गिंग्या सोडा. तुमी बोल्ले ते पटलं आपल्याले. बसस्टँडमागं तो सिरोंच्याचा लच्छू बसते, मच्छीवाला. त्याच्यापासून सुरू करायचं का?"

धनराजने मयुरीकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण त्याच्या हातात होता. लच्छूशी त्याचं वैर नव्हतं. गेल्या मंडईत दोघं एका पाळण्यात बसले होते. पण अर्धा तास झाला, साऱ्या गावाने त्याला मुंग्या आणि माकडं विचारली होती, आणि त्याचं म्हणणं ऐकणारा हा पहिला माणूस होता. पहिलाच. त्याच्यापुढे लहान होणं धनराजला जमलं नाही.

"हो," तो म्हणाला. "उद्या दहा वाजता. लच्छूपासून."

पुढच्याच क्षणी पंखा थांबला, दिवा गेला आणि सहाशे चाळीस घरांतून दोन्ही हंस गायब झाले. कुंता मेन स्विचखाली उभी होती. तिच्या हाताचं बेसन खटक्याला लागलं होतं.

"जवाईबापू," ती म्हणाली, "तुमचा तास झाला."

"आत्याबाई, अजून वीस मिनिटं आहेत."

"माह्या घरातलं घड्याळ मी पाहते."

धनराज उठला. दुपट्टा सारखा करून तो जयासमोर उभा राहिला. "चाल. मी का केलं? मी फक्त बोल्लो."

"हो," जया म्हणाली. "बोल्लेच. तुमी जा. मी नाई येत."

* * *

सकाळी साडेनऊलाच नान्हे कुटुंब बाजारात जाऊन उभं राहिलं. लच्छूचं दुकान म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री आणि पुढे सोडलेला पडदा. पडदा अजून उघडला नव्हता; लच्छू आत दडून बसला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याच्यासमोर कुंता मच्छी कापायची पावशी घेऊन बसली. बाबुलालने हाती लागली ती केबलची वायर गुंडाळून खांद्यावर टाकली होती. स्वप्निलने कॅमेरा आणला होता, तो त्याच्या बायकोने काढून घेतला आणि त्याच्या हातात काठी दिली. जया एका बांबूला धरून उभी होती.

दहाला लोक यायला लागले. आधी चार, मग दहा, मग भराभर. बाबुलालने मोजायचं सोडून दिलं. सत्तर तरी माणसं असतील आणि सगळी थेट दुकानाकडे येत होती. कुंताने पावशी वर उचलली.

पहिल्या माणसाने तिच्यासमोर कागद धरला. "तक्रार कोण घेऊन राह्यलं? रात्री भाऊ बोल्ले होते, दहा वाजता."

सगळ्यांच्या हातात कागद होते. सोनीबाईंनी देवाच्या पिच्चरचा अर्ज लिहून आणला होता, खाली वीस बायकांच्या सह्यांसकट. झाडूने तुटलेल्या वायरीचा तुकडा आणला होता, दातांच्या खुणा दाखवायला. लोकांनी आपणहून रांग लावली. मागून काठ्या घेऊन दलाचे पदाधिकारी आले, अकरा जण, आणि रांगेत घुसायला लागले तर बायकांनी त्यांना हाणूनच मागे पाठवलं. उपाध्यक्ष पत्रू तर काठी काखेत मारून रांगेतच उभा राहिला. त्याच्याही घरी मुंग्या होत्या.

धनराज आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. जावई मान खाली घालून तक्रारी लिहायला लागला. मधेच त्याने वर पाहिलं तेव्हा जया त्याच्याकडेच बघत होती. त्याने ओळ चुकवली आणि खोडून पुन्हा लिहिली.

सव्वा अकरापर्यंत गर्दी पांगली. काठीवाले चहा पिऊन घरी गेले. दुकानाच्या एका बांबूलाही कोणी हात लावला नव्हता. बाबुलालचा आवाज कालच्यासारखा मोकळा झाला.

"झालं का काई? सांगा, झालं का? मी म्हणतच होतो, लोक शहाणे असतेत. लच्छू, ये बाहेर लेका, गेले सगळे!"

आतून कोणी ओ दिली नाही. मयुरीने पडदा बाजूला केला.

आत काहीच नव्हतं. मच्छीची पाटी नाही, बर्फाची पेटी नाही, तराजू नाही. ओल्या मातीवर पेटीचा चौकोन उमटलेला होता, आणि पाणी मारून जागा झाडून काढलेली होती, भाड्याची खोली सोडताना माणूस काढतो तशी.

"तो गेला ना," बाजूची भाजीवाली कमला म्हणाली. "पहाटच्या पहिल्या बसनं. बायको, लेकरू, पेटी, सगळं घेऊन. मी म्हटलं अरे थांब, तुहे सोयरे मोठे आहेत. तं हासला नुसता."

"पण कोणी हात नाई लावला!" बाबुलाल म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. "कोणी हातबी नाई लावला त्याले!"

मयुरीने पडदा सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मामाजी," ती म्हणाली, "लच्छूच्या घरीबी आपलंच केबल आहे."

* * *

सिरोंच्याच्या बसमध्ये मयुरीला खिडकी मिळाली. शेजारी बाबुलाल बसला होता. स्वप्निल येतो म्हणत होता, पण बाबुलालनेच त्याला उतरवलं. शब्द मी दिला होता, म्हणाला, मीच जातो.

गडचिरोली मागे पडलं. मग मयुरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तासाले हो मीच म्हटलं होतं."

"तू लहान आहेस. मले पटलं होतं जयाचं, तरी मी केलं." बाबुलालने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला रडू येईलसं वाटत होतं आणि बसमध्ये कोंबड्या घेऊन बसलेला माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमच्या भाषेत 'चुकलं'ले का म्हणतेत?"

"तप्पयिंदी."

"तप्पिंदी."

"तप्प-यिं-दी."

बाबुलाल म्हणत राहिला. कोंबड्यावाल्याला तेलुगू येत होतं. त्याने दोनदा न विचारता दुरुस्ती केली आणि तिसऱ्यांदा विचारलं, काय चुकलं म्हणून. बाबुलालने त्याला सगळं सांगितलं, मुंग्यांसकट, माकडांसकट. कोंबड्यावाला पोट धरून हसला आणि लच्छूपर्यंत गोष्ट आली तेव्हा गप्प झाला.

आष्टी सुटल्यावर मयुरी म्हणाली, "मामाजी, हे लच्छूले त्याच्या घरात म्हणून नाई चालणार. त्याचं नाव साऱ्या आरमोरीनं ऐकलं. जिथी नाव निघालं, तिथीच म्हणा लागन. तुमाले. पडद्यासमोर."

बाबुलाल दचकला. दहा वर्षांत सगळ्या गावाला त्याने कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं, स्वतः एकदाही बसला नव्हता. दोन्ही बाजूंनी साग मागे पळत होते. तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. आलापल्लीच्या स्टँडवर बस थांबली, माणसं उतरली, चढली, घंटी वाजली.

"सहा वाजता?" त्याने घाबरत विचारलं. "पूर्ण तासभर का?"

लच्छू गेल्यापासून पहिल्यांदा मयुरीला हसू आलं. ती हसली आणि हसता हसताच पुन्हा रडायला लागली.

"तास कायले, मामाजी?" ती म्हणाली. "एकच शब्द तं आहे."